खुब्याचा सांधा बदलणाऱ्या डॉक्टरनं स्वतःच्याच मांडीत टेफ्लॉन टोचून घेतलं होतं, कारण...

आषाढी वारीत माऊलींची पालखी बरडचा मुक्काम हलवते, धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुत्यात विसावते. तोवर आळंदी ते पंढरपूर ही निम्म्याहून जास्त वाट पायाखालून गेलेली असते. त्या गर्दीत खुब्याचा गोळा बदललेला एखादा माणूस भेटला, तर आता कुणाला फारसं नवल वाटत नाही.

पण नातेपुत्याच्या पारावर या ऑपरेशनचा विषय काढून बघा. दोन प्रकारच्या गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. एक म्हणजे, अमक्याला जागचं उठता येत नव्हतं, ऑपरेशन झालं आणि आता तो शेतावर चालत जातो. दुसरी म्हणजे, तमक्याचं एकदा झालं, बरीच वर्षं बरं चाललं आणि मग परत उघडावं लागलं. या दुसऱ्या प्रकाराला डॉक्टर रिव्हिजन म्हणतात. म्हणजे आधी बसवलेला कृत्रिम सांधा काढायचा आणि नवा बसवायचा. अकलूज, फलटण, बारामती, नाहीतर थेट पुणं गाठायचं आणि पुन्हा तेच सगळं. पुन्हा ते म्हणजे पहिल्यापेक्षा अवघडच.

गंमत म्हणजे ज्या माणसानं खुब्याचं हे ऑपरेशन जगाला नीट करून दाखवलं, त्यालाच सगळ्यात आधी आपल्या हातानं बसवलेले सांधे शेकड्यानं परत काढावे लागले होते. त्याचं नाव सर जॉन चार्नली.

जॉनचा जन्म २९ ऑगस्ट १९११ चा. गाव इंग्लंडमधलं बरी, मँचेस्टरच्या बाजूला. आपण इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतो ना, ते खरं मँचेस्टर. सगळा कापड गिरण्यांचा मुलूख. वडिलांचं औषधाचं दुकान, आईनं नर्सिंग शिकलेलं. पोरगं हुशार निघालं, मँचेस्टरच्या विद्यापीठात डॉक्टर झालं आणि वयाच्या पंचविशीत एफआरसीएस. ही सर्जन लोकांची मानाची पदवी तेव्हा एवढ्या लवकर मिळवणारे थोडेच.

मग दुसरं महायुद्ध लागलं. चार्नली १९४० मध्ये लष्कराच्या वैद्यकीय सेवेत गेले. डंकर्कच्या माघारीत काम केलं आणि पुढं इजिप्तमध्ये कैरोला पोचले. तिथं मोडलेल्या हाडांचे जखमी रोजचेच. हाताशी लष्कराची वर्कशॉप होती. जखमींसाठी पट्ट्या, आधार, हत्यारं स्वतः आखायची आणि कारागिरांकडून करून घ्यायची, हा नाद त्यांना इथं जास्त लागला. डॉक्टरच्या अंगात फिटर शिरला म्हणा ना. तो शेवटपर्यंत बाहेर पडला नाही. पुढं घरी लेथ मशीन बसवून हा माणूस रुग्णांच्या सांध्यांच्या वाट्या स्वतः कातायचा.

युद्ध संपल्यावरचा एक किस्सा त्यांचा स्वभाव सांगून जातो. हाडाचं कलम कसं जुळतं, हे त्यांना बघायचं होतं. प्रयोगाला माणूस हवा होता. त्यांनी स्वतःचंच पाऊल पुढं केलं. म्हणजे शब्दशः. एका ज्युनिअर सहकाऱ्याकडून स्वतःच्या नडगीच्या हाडावर कलम करून घेतलं. जखमेत जंतुसंसर्ग झाला, हाडापर्यंत गेला आणि पुन्हा ऑपरेशन करायची वेळ आली. ऑपरेशननंतर हाडात पू होणं काय असतं, हे त्यांना पुस्तकातून नाही, स्वतःच्या पायातून कळलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

१९४७ मध्ये ते मँचेस्टरच्या रॉयल इन्फर्मरीत सर्जन झाले. मोडलेलं हाड न कापता, बाहेरून कसं बसवायचं, यावर १९५० मध्ये त्यांनी लिहिलेलं पुस्तक जगभरच्या हाडाच्या डॉक्टरांनी वाचलं. तेवढ्यावर थांबले असते तरी नाव राहिलंच असतं.

पण त्यांच्या डोक्यात खुबा बसला होता.

खुब्याचा सांधा म्हणजे उखळात फिरणारा गोळा. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोल असतं, ते कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतं. दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचं अस्तर. अस्तर झिजलं की हाडावर हाड घासतं. मग झोप जाते, बसणं जातं, चालणं जातं. यावर तोवर कुणी उपाय केले नव्हते असं नाही. बर्लिनच्या ग्लुक यांनी १८९० च्या सुमारास हस्तिदंती सांधे बसवून बघितले होते, बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी १९२३ मध्ये काचेची टोपी बसवली होती. पॅरिसच्या ज्युदे बंधूंनी १९४६ पासून अॅक्रिलिकचा गोळा बसवला. सुरुवातीला बरं वाटायचं आणि काही महिन्यांत, वर्षांत तो सैल व्हायचा.

असाच अॅक्रिलिकचा गोळा बसवलेला एक पेशंट चार्नलींकडं आला. त्याची तक्रार वेगळीच होती. तो वाकला की सांधा करकरायचा. जेवणाच्या टेबलावर मिठाला हात लावायला पुढं झाला तरी आवाज. बायकोला त्या आवाजानं नकोसं झालेलं. दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. चार्नलींमधल्या फिटरला मात्र त्यात घर्षण ऐकू आलं. आवाज येतोय म्हणजे गोळा वाटीत अडकतोय. अडकतोय म्हणजे प्रत्येक पावलाला हाडात बसवलेला दांडा हिसका खातोय. हिसके खाऊन तो सैल होणारच.

म्हणजे मुद्दा गोळा बसवण्याचा नव्हता, तो न अडकता फिरण्याचा होता.

विगनजवळच्या राइटिंग्टन नावाच्या खेड्यात क्षयरोग्यांचं हॉस्पिटल होतं. आपल्याकडं मिरजेजवळ वानलेसवाडीला होतं, तशातलं. औषधं आली, क्षय कमी झाला, खाटा रिकाम्या पडू लागल्या. चार्नलींनी मँचेस्टरची मोठी जागा जवळजवळ सोडली आणि या आडगावात खुब्याचं केंद्र उभं केलं. शेजारी वर्कशॉप आणि त्यात हॅरी क्रेव्हन नावाचा कारागीर.

त्यांनी तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, गोळा लहान करायचा. माणसाचा खरा गोळा साधारण साडेचार-पाच सेंटिमीटरचा. चार्नली उतरत उतरत सुमारे २२ मिलिमीटरवर आले. बैलगाडीचा आस जितका बारीक, तितकं चाक फिरवायला कमी जोर लागतो, तेच हे गणित. दुसरी, दांडा आणि वाटी हाडात पक्की बसवायला दातांच्या डॉक्टरांकडचं अॅक्रिलिक सिमेंट वापरायचं. हा सल्ला मँचेस्टरच्याच डेंटल स्कूलमधल्या डेनिस स्मिथ यांचा. चार्नली बजावून सांगायचे की हे सिमेंट डिंकासारखं चिकटवायला नाही. फरशीखाली माल भरतात तसं पोकळी भरायला आहे, म्हणजे भार सगळीकडं सारखा जातो. आणि तिसरी गोष्ट, वाटी अशा पदार्थाची हवी की ज्यावर काही चिकटतच नाही.

ती होती टेफ्लॉनची. तव्यावरचं टेफ्लॉन, तेच.

१९५८ पासून ऑपरेशनं सुरू झाली. वर्षानुवर्षं खिळून पडलेली माणसं उठून चालायला लागली. १९६१ मध्ये लॅन्सेटमध्ये लेख आला, राइटिंग्टनचं केंद्र रीतसर सुरू झालं, पेशंटची रांग लागली. टेफ्लॉनची वाटी बसवलेले रुग्ण तीनशेच्या घरात गेले.

आणि मग एकेक जण परत यायला लागला.

टेफ्लॉन घसरतं छान, पण झिजतंही भराभर. दोन-तीन वर्षांत धातूचा गोळा वाटी पोखरून वर सरकायला लागला. त्याहून वाईट म्हणजे झिजेचा चुरा. तो चुरा शरीराला सहन होईना. सांध्याभोवती पनीरसारखा पांढरा लगदा साठायचा आणि आजूबाजूचं हाड विरघळत जायचं. ऑपरेशन तसं यशस्वी झालं होतं, सगळं नीट बसलं होतं. फसला तो पदार्थ.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पुरेशी चाचणी न करता एवढ्या माणसांत नवा पदार्थ बसवणं आजच्या कुठल्याच नियमात बसलं नसतं. चार्नली मोठे म्हणून ते झाकायचं कारण नाही. पण पुढं त्यांनी जे केलं, तेही झाकायचं कारण नाही. त्यांनी टेफ्लॉन थांबवलं. आपण कुणाकुणाला काय बसवलंय, याची यादी त्यांच्याकडं होती. माणसं परत बोलावली गेली आणि ते फसलेले सांधे काढायचं काम चार्नलींनी स्वतःच्या अंगावर घेतलं, हाताखालच्यांवर ढकललं नाही.

हे काम सोपं नव्हतं. रिव्हिजन म्हणजे नुसता जुना पार्ट काढून नवा टाकणं नाही. जुन्या जखमेचे व्रण झालेले असतात, त्यातून नसा-शिरा चुकवत जावं लागतं. सिमेंट हाडाच्या नळीतून कोरून काढावं लागतं, ते काढताना हाड तडकू शकतं. मूळ हाडच कमी उरलेलं असतं, मग नव्या सांध्याला धरायला जागा कुठून आणायची? वेळ जास्त, रक्त जास्त जातं. जंतुसंसर्गाचा आणि सांधा निखळण्याचा धोकाही पहिल्या ऑपरेशनपेक्षा जास्त. हे सगळं आजही तसंच आहे. फक्त आज हत्यारं बरी आलीत.

आता ते मांडीचं. १९६२ मध्ये एक विक्रेता राइटिंग्टनच्या वर्कशॉपमध्ये प्लास्टिकचा एक तुकडा घेऊन आला. पॉलिथिलिनचीच एक दणकट जात. लँकेशायरच्या मागांवर त्याची दातेरी चाकं वापरायचे. चार्नलींनी तो तुकडा बघितला आणि वेळ घालवू नको असं क्रेव्हनला सांगितलं. टेफ्लॉनइतकं ते घसरत नव्हतंच. पण साहेब बाहेर गेल्यावर क्रेव्हननं तो तुकडा झीज मोजायच्या मशिनला लावला. तीन आठवडे मशिन चाललं. टेफ्लॉन एका दिवसात जेवढं झिजायचं, तेवढंही हे झिजलं नव्हतं. एका कारागिरानं साहेबाचं ऐकलं नाही, म्हणून गोष्ट पुढं सरकली.

चार्नली परत आले, त्यांनी आकडे बघितले आणि आपलं म्हणणं मागं घेतलं. पण आता दूध पोळलं होतं, ताकही फुंकून प्यायचं होतं. त्यांनी टेफ्लॉन आणि नवं पॉलिथिलिन, दोन्ही स्वतःच्या मांडीत टोचून घेतलं आणि वाट बघत बसले. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी गाठी हाताला लागायला लागल्या. पॉलिथिलिनच्या जागी काहीच नाही. १९६३ मध्ये त्यांनी हे लॅन्सेटला कळवून टाकलं.

नव्या वाट्या नोव्हेंबर १९६२ पासून बसवायला लागले होते. निकाल चांगले येत होते. कुणीही कंपनीला सांगून हजारांनी विकायला काढल्या असत्या. चार्नलींनी उलट केलं. काही वर्षं जाऊ देत, माणसं चालू देत, मग बघू. राइटिंग्टनला येऊन पद्धत शिकल्याशिवाय कुठल्याही सर्जनला हा सांधा विकायचा नाही, असं त्यांनी लीड्सच्या थॅकरे कंपनीला बांधून घातलं. बाकीचे सर्जन वैतागले, त्यांच्यावर हेकेखोरपणाचा आरोप झाला. हेकेखोर ते होतेच.

आणि पेशंटकडून ते आणखी एक वचन घ्यायचे. तुम्ही गेल्यावर हा सांधा आम्हाला परत द्या. ऐकायला विचित्र वाटतं, पण बरेच लोक कबूल व्हायचे. वीस वर्षं माणसाच्या अंगात चाललेली वाटी नेमकी किती झिजली, सिमेंट आणि हाड एकमेकांना कसे धरून होते, हे दुसरीकडं कुठं बघायला मिळणार?

आता आठवा ती नडगी. सुरुवातीच्या काळात राइटिंग्टनला शंभरातल्या सुमारे सात जणांच्या सांध्यात जंतुसंसर्ग होत होता. कृत्रिम सांध्यावर जंतू बसले की रक्तातून जाणारं औषध त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. बहुतेक वेळा सांधाच काढावा लागतो. चार्नलींना संशय हवेवर होता. त्यांनी ऑपरेशन थिएटरच्या आत काचेची खोली उभी केली, गाळलेली हवा वरून खाली सोडली. सर्जनच्या अंगावर असा पोशाख चढवला की त्याचा श्वाससुद्धा नळीनं बाहेर ओढला जाईल. अंतराळवीरासारखे दिसणारे डॉक्टर बघून लोक हसायचे. पण संसर्गाचं प्रमाण उतरत उतरत शंभरात एकाच्याही खाली आलं. त्यात शिवण्याची पद्धत सुधारली, पोशाख सुधारला, बरंच काही होतं. नुसत्या हवेचं श्रेय किती, यावर वाद होता. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं आठ हजारांहून जास्त ऑपरेशनं तपासली, तेव्हा स्वच्छ हवेनं संसर्ग निम्म्यावर येतो असं दिसलं. हा निकाल १९८२ मध्ये छापून आला. त्याच वर्षी ५ ऑगस्टला चार्नली गेले. तोवर लास्कर पुरस्कार, रॉयल सोसायटीची फेलोशिप, सर ही पदवी, सगळं मिळालं होतं.

त्यांचं सगळंच बरोबर निघालं असं नाही. लहान गोळा झीज कमी करतो, पण निखळतोही लवकर. म्हणून आता साधारण ३२ किंवा ३६ मिलिमीटरचे गोळे वापरतात. मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, खाली बसून जेवणं ज्यांच्या अंगवळणी आहे, त्यांना निखळण्याची ही गोष्ट जास्त लागू. पॉलिथिलिनचाही चुरा होतोच, फक्त सावकाश. दहा-पंधरा वर्षांनी तोच चुरा हाड खातो. आधी डॉक्टरांनी दोष सिमेंटला दिला होता. नंतर जास्त टिकाऊ पॉलिथिलिन आलं आणि हा त्रास बराच कमी झाला.

मग किती टिकतो हा सांधा? २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं की शंभरातले साधारण ५८ सांधे २५ वर्षं टिकतात. वयाचा फरक मात्र मोठा. सत्तरीनंतर ऑपरेशन केलेल्या माणसाला पुढच्या आयुष्यात रिव्हिजन लागण्याची शक्यता शंभरात पाचाच्या आसपास. पन्नाशीच्या सुरुवातीला केलेल्या पुरुषांत तीच ३५ पर्यंत जाते. हे ब्रिटनमधल्या २०१७ च्या अभ्यासाचे आकडे.

हा आकडा आपल्याला जास्त झोंबतो. कारण आपल्याकडं खुबा बदलायला लागतो तो बऱ्याचदा म्हातारपणाच्या झिजेनं नाही, तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो सुकल्यामुळं. दारू, स्टेरॉइड, जुना मार, अशी कारणं असतात. आणि हे होतं तिशी-चाळिशीच्या पोरांना. त्यांच्या बाबतीत प्रश्न रिव्हिजन लागेल का, हा कमी आणि कधी लागेल, हा जास्त असतो. पहिल्या ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरला हे विचारलेलं बरं.

आता शेवटचं, आणि ते महाराष्ट्राशी थेट जोडलेलं आहे. दोन हजारच्या दशकात धातूच्या वाटीत धातूचा मोठा गोळा, असा एएसआर नावाचा सांधा बाजारात आला. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा. प्लास्टिकच नाही, म्हणजे चुराही नाही, असा हिशोब. निघाला कोबाल्ट आणि क्रोमियमचा चुरा. काहींच्या सांध्याभोवतीचं मांस खराब झालं, रिव्हिजनं वाढली. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीनं जगभरातून हा सांधा परत बोलावला. तोवर तो ९० हजारांहून जास्त जणांना बसला होता. भारतात सुमारे ४,७०० ऑपरेशनं झाली होती. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं प्रकरण पोलिसांपर्यंत नेलं. केंद्रानं समिती नेमली आणि २०१८ मध्ये ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपये भरपाईचं सूत्र ठरलं. त्यावर कंपनी कोर्टात गेली.

पण पैशाच्या आधीची अडचण वेगळीच होती. भारतातल्या बहुतेक रुग्णांचा माग लागेना. कुणाला काय बसवलंय हेच सापडेना. चार्नलींच्या टेफ्लॉनच्या रुग्णांना परत बोलावता आलं, कारण त्यांची यादी होती. स्वीडननं १९७९ मध्येच बदललेल्या खुब्यांची देशभराची नोंदवही सुरू केली, ब्रिटननं २००३ मध्ये. कुठल्या कंपनीचा सांधा लवकर फसतोय हे तिथं आकड्यांत दिसतं. भारतात सर्जनांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक.

त्यामुळं इथं यादी ठेवायचं काम पेशंटच्या घरच्यांवर येऊन पडतं. सांध्याच्या खोक्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर लिहिलेले स्टिकर असतात. ते ऑपरेशनच्या कागदांवर चिकटवतात. डिस्चार्जच्या वेळी त्यांची एक प्रत मागून घ्यायची, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवायचा. पंधरा वर्षांनी रिव्हिजनची वेळ आली तर सर्जनचा पहिला प्रश्न हाच असतो, आत कुठल्या कंपनीचं काय आहे. कारण काही वेळा नुसता गोळा आणि वाटीतलं अस्तर बदलून भागतं. पण त्याच मापाचा पार्ट मिळाला तरच.

आणि दुखत नसलं तरी डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे काढायचा. झिजेचा चुरा हाड खातो तेव्हा बराच काळ काहीच दुखत नाही. दुखायला लागतं तेव्हा सांधा हललेला असतो आणि त्याला धरणारं हाड गेलेलं असतं. जुना आणि नवा एक्स-रे शेजारी धरला की गोळा वाटीत किती वर सरकलाय ते सर्जनला दिसतं. म्हणून जुना एक्स-रे रद्दीत टाकू नका.